धरणीची निर्जळी

आंबरगडचं राज्य दिवसातून तीनदा हलायचं.

सकाळी भांडी वाजायची, दुपारी भिंती, संध्याकाळी पुन्हा भांडी. सवय झाली म्हणून भीती जाते थोडीच! न्हावी वस्तरा उचलण्याआधी जमिनीला कान लावायचा. लग्नं उघड्या माळावर लागायची आणि भटजी मंगलाष्टकं एका दमात उरकायचे.

सर्जेराव महाराजांनी दिवाण नारोपंतांना विचारलं, "हे कोणाचं काम?"

नारोपंतांनी विचार केला. त्याला त्यांना कधीच फार वेळ लागत नसे. "महाराज, बायका मुसळानं कांडतात, त्यानं धरणी हादरते."

झालं! राज्यातली मुसळं जप्त झाली. धरणी हलतच राहिली. मग नारोपंतांना म्हादबा पाथरवट आठवला. "दिवसभर धरणीच्या पाठीत घण घालतो, महाराज. ती हलणार नाही तर काय करेल?"

म्हादबाला दरबारात उभं केलं. महाराज एकदा बोलले की बोलले. "म्हादबा, आठ दिवसांत धरणी थांबव. नाहीतर बायकापोरांसकट राज्य सोड!"

म्हादबा भर दरबारात रडला. सात पिढ्या त्या एका खाणीवर जगल्या होत्या. त्याची लेक सारजा शेजारीच उभी होती. बापाला रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिला संताप आला, आणि संताप आला की सारजा फार गोड बोलायची.

"महाराज, बा म्हातारा झालाय. ह्ये काम माज्याकडं द्या."

"तू धरणी थांबवणार? कशी?"

"तिला सात दिवस निर्जळी उपास घडवा. मोठी पुण्याई लागंल तुमास्नी!"

महाराज उपासतापासात मोठे कट्टर. त्यांचे डोळे चमकले. पण नारोपंत हसले. "मग शेतांना पाणी नको द्यायला? पीक करपेल!"

"द्या की. उपासाला आंघोळ चालती, दिवाणजी. पानी प्यायचं न्हाई. शेतातलं पानी धरणीच्या अंगावर पडतं. नरड्यात जातं त्ये फकस्त तुमच्या आडातून."

नारोपंतांचं हसू मावळलं.

तो आड म्हणजे दिवाणजींची करामत. सरकारी रंगशाळेत लुगडी रंगवून उरलेलं घाण पाणी पूर्वी नदीत जाई. खालची गावं बोंबलू लागली, तेव्हा नारोपंतांनी खडकात दोनशे हात खोल आड खणवला आणि सगळं पाणी त्यात लोटलं. खाली गेलेलं पाणी दिसत नाही, आणि दिसत नाही त्याची कोणी तक्रार करत नाही, असा त्यांचा हिशेब होता. सारजाचं मात्र वेगळं निरीक्षण होतं. अमावास्येला रंगारी भट्टी पेटवत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी हादरे इतके हलके येतात की तिच्या आईची उतरंड कधीच ढासळत नाही.

"महाराज, ते पाणी अगदी निरुपद्रवी!" नारोपंत घाईनं म्हणाले. "तीर्थच म्हणा ना!"

"तीर्थसुद्धा निर्जळीला चालत नाही," महाराज गंभीरपणे म्हणाले. "आड बंद!"

"आन् माज्या बाला सातही दिस घण घालू द्या," सारजा म्हणाली. "न्हाईतर मागनं कुणी म्हनंल, घण थांबला म्हनून धरणी थांबली."

रंगशाळेला कुलूप लागलं. पहिल्या दिवशी धरणी तीनदा हलली. नारोपंतांनी पाथरवटाच्या घरी गाडी जुंपायचा निरोप धाडला. सारजा त्या रात्री जमिनीला कान लावून पडली. दुसऱ्या दिवशी धरणी दोनदा हलली, तिसऱ्या दिवशी नुसतं एक झाकण वाजलं. चौथ्या दिवसापासून काही नाही. म्हादबा ठाण् ठाण् घण घालत होता, तरी काही नाही.

आठव्या दिवशी सारजा दरबारात आली ती बैलगाडीवर एक जाड शिळा घालून. शिळेत ओळीनं भोकं पाडून कोरड्या लाकडाच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि पहाटेपासून ती त्यांच्यावर पाणी ओतत होती. शिळा दरबाराच्या मधोमध ठेवली गेली.

नारोपंत उठले. "महाराज, हा निव्वळ योगायोग! पाणी म्हणजे मऊसूत वस्तू. त्यानं कधी खडक हलेल? पाण्याच्या अंगात ती ताकदच नाही! मी शास्त्राधारे सांगतो की…"

कडाड्!

अख्खा दरबार सवयीनं अंगणात पळाला. महाराज पळाले नाहीत. ते सिंहासनाखाली गेले.

बाहेर येऊन त्यांनी पाहिलं, तर शिळेचे दोन तुकडे झाले होते.

"आमी दगड असाच फोडतो, महाराज," सारजा म्हणाली. "लाकूड पानी पितं, फुगतं, दगडाला रेटतं. धरणीच्या पोटातबी फटी हायती. वरनं रोज पानी कोंबलं की ती रेटा सोसंल किती?"

महाराजांनी मिशीवरची धूळ झटकली. "आड कायमचा बुजवा! पण मग रंगशाळेचं पाणी सोडायचं कुठं?"

नदीकाठचे लोक आधीच ओरडून बसले होते.

"त्यात काय, महाराज!" सारजा गोड आवाजात म्हणाली. "दिवाणजी म्हनत्यात त्ये तीर्थ हाय. त्यांच्या वाड्यातल्या हौदात सोडा. घरादाराला प्यायला हुईल!"

नारोपंत ताडकन उभे राहिले. "महाराज! दगडी टाकी बांधावी, पाणी निवळू द्यावं, वाळूतून गाळावं, तेच पुन्हा रंगाला वापरावं! एक थेंब बाहेर सोडायला नको!"

"हे तुम्हाला कधी सुचलं, पंत?"

"आत्ताच, महाराज."

महाराज इतके खदखदून हसले की अंगणातून परतलेला दरबार पुन्हा अंगणात गेला. टाक्यांचं काम त्यांनी म्हादबाला दिलं, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून सारजापुढं धरलं. "आणखी काय हवं, पोरी? माग!"

सारजानं कडं कपाळाला लावलं. "आईचं मुसळ परत द्या, महाराज. समद्यांच्या आयांचं."

त्या संध्याकाळी आंबरगडात घरोघरी एकाच वेळी कांडण सुरू झालं. फळीवरचा एक पेलासुद्धा हलला नाही.