टिटवीचं जुनं सोंग

माळावर अजून डांबरी रस्ता आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथे एक टिटवी राहायची. तिची अंडी उघड्यावर, दगडगोट्यांतच असायची. कोल्हा जवळ आला, की ती पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत दूर जायची. कोल्हा मागे धावायचा आणि ऐन वेळी ती भुर्रकन उडून जायची.

वर्षं गेली. पिल्लं मोठी होऊन दूरच्या तळ्यांवर गेली. टिटवीचा पंख आता खरोखरच आखडला होता. एका सकाळी तोच कोल्हा समोर उभा राहिला. उडणं शक्य नव्हतं. मग तिने तो दुखरा पंख मुद्दाम आणखी फैलावला आणि कण्हत त्याच्या नाकासमोरून फरफटत निघाली.

“पुन्हा तेच सोंग?” कोल्हा हसला. “म्हातारे, तुझ्या मागे धावून मी जन्मभर उपाशी राहिलो. आता थेट अंडीच शोधतो.”

“नको हो कोल्होबा, तिकडे नका जाऊ!” टिटवी कळवळून ओरडली.

कोल्हा एकेक दगड हुंगत सुटला. टिटवी सावकाश चालत बोरीच्या काटेरी जाळीत शिरली. तिथून ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो इतक्या आशेने शोधत होता, की घटकाभर तिलाही वाटलं, अंडी अजून तिथंच आहेत.