पोपटाच्या शेपटीपुरता नारळ

एका बंदरगावात खेमशेट नावाचा व्यापारी राहायचा. पितळेचे गाणारे पोपट तो गलबतानं दूरदेशी पाठवायचा. चावी दिली की पोपट मान हलवायचा आणि अशी शीळ घालायचा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम विसरावं. अख्ख्या किनाऱ्यावर एवढा महागडा माल दुसऱ्या कुणाचा नव्हता. खेमशेट नुसता फुगून चालायचा.

गंमत अशी, की पोपटाचं धड एका देशातून यायचं, कंठ दुसऱ्यातून आणि पोटातलं चावीचं यंत्र तिसऱ्यातून. गावात फक्त शेपूट चिकटवली जायची. ते काम गोदाक्काचं. विक्रीचा बहुतेक पैसाही त्या देशांनाच परत जायचा. गावातले तांबट मात्र हातावर हात धरून बसले होते. काहींनी तर गाव सोडायला गाठोडी बांधली होती.

त्या बंदराची एक रीत होती. मालात ज्याच्या हाताचं काम असेल त्यानं पेटीवर हळदीचं बोट उमटवायचं, मगच पेटी गलबतावर चढायची. दरवर्षी गलबतं निघायच्या दिवशी राजा स्वतः येऊन सर्वांत उत्तम मालाला मानाचा नारळ द्यायचा.

यंदा नारळ आपलाच, म्हणून खेमशेट नवा फेटा बांधून उभा राहिला. शीळ ऐकून राजा खूश झाला. मग त्यानं पेटीकडे पाहिलं. पेटीवर एकच पिवळं बोट!

“हे कुणाचं?”

“माझं, महाराज. शेपूट मी चिकटवते,” गोदाक्का म्हणाली.

राजा मिशीत हसला. त्यानं नारळ फोडला आणि खोबऱ्याची एक कातळी गोदाक्काच्या हातावर ठेवली. “हा शेपटीचा मान. बाकीचा नारळ गलबतावर चढवा. पोपटाचं बाकीचं अंग ज्यांनी केलं, त्यांना पोचता करा!”

सारं बंदर खो खो हसलं. खेमशेटचं तोंड एवढंसं झालं.

घरी मुनीम कानाशी लागला, “शेटजी, हळदीला काय तोटा? पुढच्या वर्षी सगळ्या गावाची बोटं उमटवून टाकू. कुणाला कळतंय?”

नारळाचा मोह मोठा होता. खेमशेट क्षणभर डगमगलाही. मग म्हणाला, “पेटी पिवळी होईल रे, पण तांबटांच्या चुली पेटतील का?” आणि एक पोपट उचलून तो थेट तांबटआळीत गेला. “हा उघडा, आणि असाच करून दाखवा. बिघडला तर नुकसान माझं.”

पहिला पोपट कावळ्यासारखा ओरडला. दुसऱ्याला ठसकाच लागला. पोरं हसून हसून लोळली, तांबटही हसले, पण हातोड्या थांबल्या नाहीत. बांधलेली गाठोडी सुटली.

पुढच्या वर्षी पेटी हळदीनं माखली होती. राजानं विचारलं, “आता सगळा पोपट तुमचा?”

“नाही, महाराज,” खेमशेट म्हणाला. “चावीचं यंत्र अजून बाहेरचंच. ते काही जमलं नाही.”

तो खरं बोलला म्हणून राजाला जास्तच आवडला. राजानं यंत्रापुरती एक कातळी बाजूला काढली आणि उरलेला नारळ तांबटांच्या ओंजळीत घातला.

गोदाक्का त्या कातळीकडे बघून म्हणाली, “महाराज, ती जपून ठेवा हं. पुढच्या वर्षी न्यायला येतो आम्ही!”

तात्पर्य: माल किती महाग विकला याचा तोरा मिरवू नये. त्यात आपल्या हातांचं काम जेवढं, तेवढीच आपली खरी कमाई. आणि ती वाढवायची तर आधी चुकायची तयारी हवी.