जास्तीचा थर

“पण आता आणखी वाळू कशाला, बाई?”

रणधीरचा आवाज चढला होता. ग्लायडरचा हा पंख त्याने स्वतः आखला होता, साच्यात कार्बनच्या कापडाचे थर रेझिनने चिकटवत स्वतः घडवला होता. थंडीत तो जोडून आपणच पहिली भरारी घ्यायची, हे त्याचं ठरलेलं. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

पंख उलटा बांधून त्यावर वाळूच्या पिशव्या रचल्या होत्या. आकाशात हवा जेवढ्या जोराने उचलेल, तेवढा भार जमिनीवरच घालून बघायचा, ही कार्यशाळेची रीत.

“नियमाएवढा भार पेललाय त्याने. आता उडू द्या ना.”

राजोपाध्ये बाईंचा जन्म पंख घडवण्यात गेला होता. त्यांनी विचारलं, “कुठे तुटेल?”

“तुटणारच नाही.”

“कुठे?”

“...तुटलाच तर बुंध्याशी, धडाला जोडतो तिथे. गणित तेच सांगतं.”

“मग ठेव पिशव्या. गणित खरं का, बघू.”

 रणधीरने एक पिशवी ठेवली... मग आणखी एक...

काडकन आवाज झाला. पंख मोडला. बुंध्याशी नाही, पार मध्यावर.



बाईंनी मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. “इथे एक थर जास्त आहे. आराखड्यात नव्हता.”

“मीच घातला, मागाहून. बळकटीसाठी.” रणधीर खाली बसला. “तेवढाच भाग ताठ झाला... आणि सगळा ताण त्याच्या कडेला आला. कळायला हवं होतं मला.”

“का घातलास?”

रणधीर मोडलेल्या कडेचे सुटे धागे चाचपू लागला.

“रणधीर?”

“पहिल्या चाचणीत पंख वाकताना पाहिला, बाई. भीती वाटली.”

बाईंनी कापडाचा नवा गठ्ठा ओढून आणला. कात्री त्याच्या हातात ठेवली.

रणधीर बघतच राहिला. मग डोळे पुसले, बाह्या सरसावल्या आणि रिकाम्या साच्यापाशी जाऊन उभा राहिला. बाई आपल्याला पुन्हा पंख करू देताहेत, याचाच त्याला मोठा आनंद झाला होता.

कात्री लावता लावता तो थांबला.

“तो थर नसला, तर हा पंख वाकणार, बाई. चांगलाच वाकणार.”

“वाकू दे. त्याला उडायचंय.”