म्हाळूने कार्डं थंड केली

वाघजाळी गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव म्हाळू. गावात नवरे पुष्कळ होते, पण बायकोने सांगितलेलं सगळं ऐकणारा हा एकटाच. आणि तीच पंचाईत होती.

त्याची बायको सुगंधा लग्नाबारशाचे व्हिडिओ बनवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचा मोठा संगणक होता. गुडघ्याएवढी काळी पेटी, आत दोन ग्राफिक्स कार्डं. फुलं उधळायची, ढगातून नवरा-नवरी खाली उतरवायचे, हे सगळं ती कार्डं करायची. म्हाळूने पेटी पुसायची आणि चहा करायचा. चहा तो चांगला करायचा, हे सांगितलं पाहिजे.

त्या आठवड्यात सुगंधाकडे मोठं काम आलं होतं. गावच्या मालनसिस्टर निवृत्त होणार होत्या. तेहतीस वर्षं त्यांनी उपकेंद्रात बाळंतपणं केली. निम्मं गाव त्यांच्या हातांवर जन्मलेलं. गावाने ठरवलं, सिस्टरांवर एक फिल्म करायची आणि रविवारी सकाळी दहाला शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखवायची. सुगंधाने घरोघरी फिरून दोनशे माणसांना बोलतं केलं. आता सगळं जोडायचं तेवढं राहिलं होतं.

तिथेच संगणक रुसला. फिल्म तयार करायला लावली की पेटी तापायची, आतले पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरायचे आणि अर्ध्या तासात सगळं बंद.

बुधवारी दुपारी सुगंधा म्हणाली, "अहो, कार्ड फार तापलंय. मी पोळ्या लाटतेय तोवर त्याला जरा वारा घाला."

"घालतो," म्हाळू म्हणाला.

त्याने ट्रंक उघडली. तळातून रेशनकार्ड काढलं. पाटावर ठेवलं आणि सुपाने वारा घालायला बसला. तासाभराने सुगंधा आली.

"हे काय चाललंय?"

"वारा घालतोय. पण खरं सांगू? मला ते तापलेलं वाटत नाही."

सुगंधाने कपाळावर हात मारला. "अहो, ते कार्ड नव्हे! पेटीच्या आतलं! आधी झाकण उघडायचं, मग वारा घालायचा. ध्यानात ठेवा."

म्हाळूने ध्यानात ठेवलं. आधी झाकण उघडायचं, मग वारा घालायचा.

गुरुवारी सकाळी तालुक्याहून अन्वरमिस्त्री आले. संगणक जोडण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. सुगंधाने त्यांच्यासाठी इडल्या लावल्या आणि म्हाळूला सांगितलं, "भांड्याकडे लक्ष असू द्या."

म्हाळूने लक्ष दिलं. भांडं चांगलंच तापलं होतं. त्याने आधी झाकण उघडलं. मग सूप घेतलं आणि वीस मिनिटं वारा घातला.

अन्वरमिस्त्रींच्या पुढ्यात ताटली आली. त्यांनी ताटली जरा कलती करून बघितली.

"ताई, यातली चटणी कोणती आणि इडली कोणती?"

"पातळ आहे ती चटणी," म्हाळू म्हणाला. मग त्याने पुन्हा वाकून बघितलं. "नाही, दोन्ही पातळच आहेत."

मिस्त्री भला माणूस. त्यांनी चहावर भागवलं आणि पेटी उघडली.

"ताई, ही दोन कार्डं चिकटून बसलीत. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या नाकात. आणखी पंखे लावले तर नुसता आवाज वाढेल. इथे वाऱ्याचं काम नाही. तापलेल्याला पाण्यानेच थंड करायचं."

"विजेच्या वस्तूत पाणी?" सुगंधा घाबरली.

"पाणी नळीतून जातं. नळी कार्डाजवळून फिरते, गरमी उचलते आणि बाहेरच्या जाळीत सोडून देते. त्यात दोन तऱ्हा आहेत. एकीत टाकी वेगळी, नळ्या वेगळ्या, सगळं आपण जोडायचं आणि अधूनमधून पाणी भरायचं. भारी असते, पण हौशी माणसाचं काम. दुसरी सीलबंद. पाणी कारखान्यातच भरलेलं असतं. लावा आणि विसरून जा."

सुगंधाने एकदा पेटीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं.

"सीलबंदच द्या," ती म्हणाली.

"शनिवारी आणून लावतो," म्हणून मिस्त्री गेले. म्हाळूच्या ध्यानात एवढंच राहिलं. वाऱ्याचं काम नाही. तापलेल्याला पाण्याने थंड करायचं.

शुक्रवारी सरपंच दौलतराव आले. पांढरा कडक इस्त्रीचा सदरा, वर टोपी. पायरीवरूनच त्यांचा आवाज सुरू झाला. परवा कार्यक्रम, फिल्मचा पत्ता नाही, पत्रिका वाटून झाल्या, गावाची अब्रू जायची वेळ आली!

सुगंधा आत फोनवर बोलत होती. तिने म्हाळूला हळूच सांगितलं, "सरपंच भयंकर तापलेत. तुम्ही जरा त्यांना थंड करा, मी आलेच."

म्हाळू आधी सूप घेऊन निघाला होता. मग त्याला मिस्त्री आठवले. त्याने सूप ठेवलं आणि बादली उचलली.

सुगंधा बाहेर आली तेव्हा सरपंच पायरीवर उभे होते. टोपीतून धार गळत होती. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

"बघ, झाले थंड," म्हाळू म्हणाला.

सरपंचांना कोरडा पंचा दिला, दोन वेळा चहा दिला, रविवारी दहाला फिल्म दाखवीनच असा शब्द दिला, तेव्हा कुठे ते गेले. मग सुगंधा नवऱ्याकडे वळली.

"अहो, माणसाला पाणी प्यायला देतात! पाणी आत गेलं पाहिजे. बाहेर एक थेंब सांडता कामा नये. कळलं?"

"कळलं," म्हाळू म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं. पाणी आत गेलं पाहिजे. बाहेर एक थेंब सांडता कामा नये.

शनिवारी म्हाळूच्या गजराआत्याला ताप भरला. सुगंधा मिस्त्रींची वाट बघत पेटीपाशी बसली होती. तिने सांगितलं, "आत्यांचं अंग तापलंय. कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवा."

म्हाळूने फडकं भिजवलं. आत्यापर्यंत गेला आणि थबकला. बाहेरून पाणी? कालच तर बोलणी खाल्ली. त्याने फडकं वाळत घातलं आणि तांब्या-भांडं आणलं.

"आत्या, पाणी प्या."

आत्या प्यायली.

"आणखी प्या."

"पुरे रे."

"अजून तापलेलंच आहे अंग. प्या."

असं करत आत्याच्या पोटात अकरा भांडी गेली. थोड्या वेळाने आत्या उठून बसली, मग उभी राहिली, मग भिंतीला धरून दाराकडे निघाली. म्हाळू उंबरठ्यावर आडवा बसला.

"कुठे, आत्या?"

"मेल्या, कुठे म्हणून काय विचारतोस? परसात!"

"नाही जमायचं."

"काय?"

"बाहेर एक थेंब सांडता कामा नये."

यानंतर आत्या जे बोलली ते लहान मुलांसमोर सांगता येणार नाही. पण ते चौथ्या घरी मालनसिस्टरांना ऐकू गेलं. त्या तशाच धावत आल्या. त्यांनी म्हाळूचा कान धरून त्याला बाजूला केलं, आणि आत्या या वयात कशी पळाली ते गल्लीने बघितलं.

सिस्टर म्हणाल्या, "अरे बाबा, पाणी आत गेलं की त्याला बाहेर पडायला वाट द्यावी लागते. असं कोंडून ठेवलं तर फुटेल ना!"

म्हाळूच्या अंगावर काटा आला. एवढी मोठी गोष्ट आणि आजवर कोणी सांगितली नव्हती. कोंडलेल्या पाण्याला वाट द्यायची. नाहीतर फुटतं.

दुपारी मिस्त्रींनी सीलबंद पाणी आणून पेटीत बसवलं. संध्याकाळी सुगंधाने फिल्म तयार करायला लावली. पेटीवर हात ठेवावा तर माठासारखी गार. आवाज म्हणावा तर मांजराच्या घुरघुरण्याएवढा. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली आणि पोटभर जेवली.

फिल्म पुरी व्हायला रविवारचे साडेनऊ वाजले. दुसरीकडे उतरवून घ्यायला वेळच नव्हता. मिस्त्री, सुगंधा आणि म्हाळू यांनी पेटीच उचलून शाळेत नेली.

हॉल माणसांनी गच्च भरला होता. सिस्टर मंचावर मधल्या खुर्चीत. शेजारी नव्या सदऱ्यात सरपंच. समोर टेबलावर हार, सत्काराची शाल आणि हारांचा दोरा कापायला कात्री. मिस्त्रींनी पेटीला हवा लागावी म्हणून बाजूचं झाकण काढून ठेवलं. सुगंधा म्हाळूला म्हणाली, "तुम्ही इथे बसा. काही अडलं तर बघा."

फिल्म सुरू झाली. पडद्यावर एकेक माणूस येऊन सिस्टरांशी बोलू लागला. कुणी ट्रॅक्टरवर बसून, कुणी पोलिसाच्या गणवेशात, कुणी कडेवर स्वतःचं लेकरू घेऊन. सिस्टरांनी पदर डोळ्यांना लावला. सरपंचांनीही नव्या सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली.

म्हाळू फिल्म बघत नव्हता. काही अडलंय का ते बघत होता. आणि त्याला दिसलं. पाणी आरपार दिसणाऱ्या नळीतून खाली येत होतं, कार्डावरून फिरत होतं, वर जात होतं आणि परत खाली येत होतं. बाहेर पडायला कुठेच वाट नव्हती. कालपासून बिचारं आतल्या आत घिरट्या घालत होतं.

"अडलंय की!" म्हाळू म्हणाला.

तो उठला. मंचावरून कात्री आणली. नळी कापली.

पाणी सुटलं. पेटीत चर्रर्र झालं आणि पडदा काळा पडला.

मिस्त्रींनी आधी वायर उपसली. "दाजी! काय केलंत हे?"

"वाट दिली," म्हाळू म्हणाला. "सिस्टरांनीच सांगितलंय."

चारशे माणसांनी सिस्टरांकडे बघितलं.

"मी?" सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रींनी पेटीतून डिस्क काढली, सदऱ्याला पुसली आणि खिशात घातली. "ताई, फिल्म या डिस्कमध्ये आहे. ती शाबूत आहे. तालुक्याहून दुसरा संगणक घेऊन तासाभरात येतो. ही पेटी वाळू द्या. नशीब असेल तर कार्डंही वाचतील." आणि ते मोटारसायकलवरून सुटले.

दिलेल्या शब्दाप्रमाणे ते परतले. बारा वाजता गावाने फिल्म शेवटपर्यंत पाहिली, आणि झालीही झकास होती. पण मधल्या तासाभरात जे झालं, तेच गावाच्या जास्त लक्षात राहिलं.

सुगंधा शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. म्हाळूला फार वाईट वाटलं. आपल्यामुळे बायको रडतेय, हे त्याला कळत होतं. का रडतेय, तेवढं कळत नव्हतं. आता काहीतरी चांगलं करून दाखवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

इकडे वेळ काढायला सरपंचांनी सिस्टरांना चार शब्द बोलायला सांगितलं. सिस्टर माइकपाशी आल्या.

"माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष. एक मूल जन्मलं ते निपचित. हालचाल नाही, रडणं नाही. त्याची आई माझ्या तोंडाकडे बघतेय. मला काही सुचेना. मी त्याला पायांना धरलं, उलटं केलं आणि पाठीवर दोन थापा मारल्या. त्याने असा टाहो फोडला की बाहेर बैल बुजले! ते मूल म्हणजे आपला म्हाळू."

"थापा जरा जोरात बसल्या वाटतं," सरपंच म्हणाले.

सगळा हॉल हसला. सुगंधासुद्धा रडता रडता हसली. फक्त म्हाळू हसला नाही. तो पेटीकडे बघत होता. पेटी निपचित पडली होती.

त्याने वायर परत जोडली. बटण दाबलं. हालचाल नाही, आवाज नाही. त्याने पेटीचे पाय शोधले. खाली रबराचे चार पाय होतेच. त्याने पायांना धरून पेटी उचलली, उलटी केली आणि पाठीवर दोन थापा मारल्या.

जाळीत उरलेलं सगळं पाणी दोन्ही कार्डांवर आलं.

"टींऽऽऽ!" पेटी ओरडली. निळी ठिणगी उडाली. हॉलमधले पंखे थांबले, दिवे गेले, माइक गेला. वायर आपोआप गळून पडली आणि पेटीतून पांढरा धूर निघायला लागला.

म्हाळू पेटी छातीशी धरून मंचावर चढला. टेबलावरची सत्काराची शाल उचलून त्याने पेटीला नीट गुंडाळली आणि ती धुरकटलेली, गळणारी पेटी अलगद सिस्टरांच्या मांडीवर ठेवली.

"सिस्टर, रडलं!" म्हाळू म्हणाला. "आता मुलगा की मुलगी, तेवढं बघून सांगा."