धनेश आणि कोरे संदेश

नदीच्या एका मोठ्या वळणावर घनदाट जंगल होते आणि त्या जंगलात एक धनेश पक्षी राहत असे. नदीवर वरच्या अंगाला धरण होते. सकाळी धरणातून पाणी सोडले, की दुपारपर्यंत ते वळणावर पोहोचे आणि काठची वाळू बघता बघता पाण्याखाली जाई. म्हणून जंगलाने एका उंच खडकाच्या कपारीत पाण्याची चौकी उभारली होती. चौकीत एक संगणक होता. धरणावरून त्याच्यावर संदेश येत आणि ते वाचून काठावरच्या सगळ्यांना सावध करायचे काम धनेशाकडे होते.

बारा वर्षे त्याने ते चोख केले. चोचीच्या टोकाने एकेक बटण दाबत तो संदेश उघडी, दोनदा वाची आणि मग नदीवरून हाक देत फिरे. हाक ऐकली, की वानरे झाडांवरून उतरत, वाळूतली अंडी पळसाच्या द्रोणांत ठेवत आणि वरच्या माळावर नेत. ससे आपापली पिल्ले घेऊन निघत. बारा वर्षांत एकही अंडे वाहून गेले नव्हते. धनेशाला त्याचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

पुढे तो जुना संगणक एके दिवशी धूर काढून बंद पडला. शेजारच्या जंगलात संगणकांची जाणकार अशी एक खार होती. जंगलाच्या पंचायतीने तिला बोलावले. तिने नवा संगणक आणून जोडून दिला. तो आकाराने लहान, पण बळाने कितीतरी पट मोठा होता. त्याच्यातली ऑपरेटिंग सिस्टीमही नवी होती. मुलांनो, संगणक सुरू केला की सगळ्यांत आधी जी जागी होते आणि बाकीच्या सगळ्या भागांना कामाला लावते, ती व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. ती बदलली, की पडद्यावरच्या वस्तूंच्या जागा बदलतात, नावे बदलतात, कधी कधी सगळेच बदलते.

धनेशाने प्रयत्न केला नाही असे नाही. तीन दिवस तो त्या नव्या पडद्यासमोर मान वाकडी करून बसला. चौथ्या दिवशी चौकीत बरीच मंडळी जमली होती आणि धनेशाला आलेला संदेश काही केल्या सापडेना. मागून एक ससा म्हणाला, "काका, वर डाव्या कोपऱ्यात बघा की." संदेश तिथेच होता. सगळे हसले. त्यात कुणाच्या मनात वाईट काही नव्हते. धनेशही हसला. पण संध्याकाळी घरी गेल्यावर उंबराचे एक फळही त्याच्या घशाखाली उतरले नाही. बारा वर्षे ज्या कामात आपल्याला कुणी चूक दाखवली नव्हती, त्या कामात एका सशाने आपल्याला बोट दाखवले, हे त्याच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्याने ढोलीत जपून ठेवलेली जुन्या सिस्टीमची तबकडी बाहेर काढली. ती नव्या संगणकावर चढवणे सोपे नव्हते. सात वेळा ती मध्येच अडली. धनेशाने प्रत्येक वेळी नवा मार्ग शोधला, न चालणारे भाग वगळले, चालतील ते जोडले. आठव्या दिवशी ओळखीचा निळा पडदा उजळला आणि प्रत्येक गोष्ट तिच्या ठरलेल्या जागी दिसली. धनेशाचे डोळे भरून आले. न बघता चोच बरोबर बटणावर पडू लागली. पंचायतीतल्या म्हाताऱ्या गव्याने सर्वांसमोर त्याची पाठ थोपटली. "नव्या यंत्रावर जुनी सिस्टीम चालवून दाखवली. हे येरागबाळ्याचं काम नव्हे," तो म्हणाला. आणि ते खरेही होते.

महिन्याभराने खार सहज चौकशीला आली. तिने पडदा पाहिला आणि दोन-चार बटणे दाबून बघितली.

"धनेशकाका, हे तुम्ही कसं जमवलंत, मला कळत नाही," ती म्हणाली. "मला जमलं नसतं. पण ते काढून टाका."

"का? झटकन सुरू होतं. एकदाही अडलेलं नाही."

"या संगणकाच्या आत आठ मेंदू आहेत, म्हणजे आठ जणांचं बळ आहे. तुमची जुनी सिस्टीम त्यातल्या एकालाच ओळखते. बाकीचे सात नुसते बसून आहेत."

"माझ्या कामाला एक पुरतो."

"बरं, आवाज येतो का?"

धनेशाने मान फिरवली. आवाज येत नव्हता. नव्या संगणकाला जोडलेला भोंगा जुन्या सिस्टीमला दिसतच नव्हता. धोक्याचा संदेश आला, की तो भोंगा आपोआप वाजायला हवा होता.

"भोंगा कशाला हवा? मी आहे ना बघायला," तो म्हणाला.

खार जवळ सरकून बसली. "काका, सगळ्यांत मोठी गोष्ट ऐका. धरणावरचे संदेश आता कुलूपबंद येतात. मध्येच कुणी खोटा संदेश घुसवू नये म्हणून तशी सोय केली आहे. त्या कुलपाची किल्ली तुमच्या जुन्या सिस्टीमकडे नाही. संदेश येईल, पण उघडलात तर कोरा दिसेल."

हे मात्र धनेशाला आधीच कळले होते. गेल्या आठवड्यापासून अधूनमधून कोरे संदेश येत होते. त्यावर त्याने एक तोडही काढली होती. धरणावर एक पाणमांजर काम करी. त्याची आणि धनेशाची जुनी मैत्री होती. धनेशाने त्याला गळ घातली होती, की कुलूपबंद संदेशाबरोबर तोच मजकूर जुन्या पद्धतीने मलाही वेगळा पाठवत जा. पाणमांजर बिचारे रोज आठवणीने पाठवत होते.

"म्हणजे पाणमांजराची आठवण हीच आता तुमची चौकी," खार म्हणाली. धनेशाला ते लागले. तिने आवाज खाली आणला. "काका, मी चार दुपारी तुमच्याजवळ बसते. दुसरं कुणी नको. चार दिवसांत तुम्हाला सगळं येईल. तुम्ही जे जमवलंत त्यापेक्षा हे पुष्कळ सोपं आहे."

"बसू, बसू. पावसाळा संपू दे," धनेश म्हणाला.

पावसाळा संपला. खारीने निरोप पाठवला, तेव्हा तो म्हणाला, थंडी सरू दे. थंडी सरली, तेव्हा त्याने उत्तरच पाठवले नाही. चार दुपारी काही फार नव्हत्या. पण 'मला हे येत नाही' असे कुणापुढे म्हणणे त्याला फार जड जात होते. आणि काम तर चालले होते. रोज चालले होते.

चैत्र आला. वळणावरच्या वाळूत एका टिटवीने चार अंडी घातली. ती आणि तिचा नर आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून उभे राहत. एके दिवशी पाणमांजराचा संदेश आला : 'उद्या मी दिवसभर वरच्या ओढ्यावर आहे. तिथली पाण्याची पातळी मोजायची पट्टी वाहून गेली आहे, ती बसवायची आहे. उद्या तुझा वेगळा संदेश जमणार नाही. उद्यापुरतं तूच बघून घे.'

धनेशाने चोचीने टकटक करून उत्तर लिहिले, 'चालेल.' लिहिताना आपण काय लिहितो आहोत हे त्याला माहीत होते. त्याच वेळी खारीला निरोप धाडता आला असता. गव्याला सांगता आले असते, की उद्या चौकी आंधळी आहे, वरच्या वळणावर एखादा बगळा उभा करा. पण मग का आंधळी आहे, तेही सांगावे लागले असते. एका दिवसात काय होणार आहे, असे म्हणून त्याने तो विचार बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर चौकीत जाऊन बसला. ऊन वर आले तेव्हा एक संदेश आला. त्याने उघडला. कोरा. त्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा उघडला. कोराच. थोड्या वेळाने दुसरा आला, मग तिसरा. तिन्ही कोरे.  मग त्याने स्वतःची समजूत घातली, की धरणावरून रोज काही ना काही येतच असते. दरवाजाला तेल घातले, खांब रंगवला, असलेही संदेश येतात. यात काय असेल कुणास ठाऊक. उगाच हाक दिली आणि पाणी आलेच नाही, तर सगळे विचारतील, की संदेशात काय लिहिले होते.

तेवढ्यात कपारीशी टिटवी आली. ती घाईघाईने उडत आली होती, तिला धाप लागली होती.

"धनेशकाका, आज पाणी नाही ना सोडणार? अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येतेय. आज नाहीतर उद्या फुटतील. आता हलवायला नको वाटतं."

धनेशाने पडद्याकडे पाहिले. पडद्यावर तीन पांढरे चौकोन होते. 'मला माहीत नाही,' एवढे तीन शब्द त्याला म्हणायचे होते. ते त्याच्या चोचीपर्यंत आलेही.

"काही नाही. निर्धास्त जा," तो म्हणाला.

टिटवीचा चेहरा उजळला. "तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं," असे म्हणून ती परत गेली.

ऊन कलायच्या आधीच पाणी आले. आधी नदीचा आवाज बदलला. धनेशाने तो ऐकला आणि क्षणभरही न थांबता तो कपारीतून झेपावला. हाक देत, पंख झाडत तो वाळूकडे निघाला. ससे पळाले, वाचले. वानरे पलीकडच्या टेकडीवर मोहाच्या झाडांवर होती. ती हाक ऐकून धावत निघाली, पण अंतर फार होते. धनेश वाळूवर पोहोचला तेव्हा तिथे वाळू नव्हती. गढूळ पाणी होते आणि त्याच्यावर टिटवी आणि तिचा नर ओरडत घिरट्या घालत होते. एकाच जागेवर, पुन्हा पुन्हा. धनेश त्या पाण्याच्या इतका जवळ उतरला की त्याचे पाय भिजले. चोचीत धरता येईल असे तिथे काही उरले नव्हते.

धनेशाचा निरोप मिळाल्यावर खार संध्याकाळीच आली. तिने दोष दिला नाही, काही विचारलेही नाही. तिने नवी सिस्टीम पुन्हा चढवली, आणि ते व्हायला तासभरही लागला नाही. भोंग्याने एक बारीक आवाज करून आपण जागे झाल्याचे कळवले. मग तिने ते तीन संदेश उघडले आणि बाजूला सरकली.

पहिल्यात लिहिले होते, 'आज पाणी सोडत आहोत.' दुसऱ्यात लिहिले होते, 'दोन दरवाजे उघडले. दुपारपर्यंत वळणावर पाणी पोहोचेल.' तिसऱ्यात लिहिले होते, 'वाळूवरची अंडी हलवली का? कृपया कळवा.'

धनेशाने तिसरा संदेश कितीतरी वेळ वाचला. संदेश आले होते. वेळेवर आले होते. याच संगणकात, त्याच्या डोळ्यांसमोर ते चार तास पडून होते.

दुसऱ्या दिवशी तो टिटवीला शोधत माळावर गेला. ती एका दगडाजवळ उभी होती.

"मला ते संदेश वाचता येत नव्हते," तो म्हणाला. "पावसाळ्यापासूनच येत नव्हते. काल तू विचारलंस, तेव्हाही मला काही माहीत नव्हतं. मी खोटं सांगितलं."

टिटवीने त्याच्याकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ऐकणे अधिकच कठीण झाले.

"काका, वाचता येत नाही म्हणाला असतात, तर मी अंडी हलवली असती," ती म्हणाली. "मला तेवढंही पुरलं असतं."



धनेशाने पंचायतीपुढे जाऊन सगळे सांगितले आणि चौकी दुसऱ्या कुणाला द्या म्हणाला. गव्याने नकारार्थी मान हलवली. "त्या वेळी पाठ थोपटणाऱ्यांत मी होतो," तो म्हणाला. "चौकी तुझ्याकडेच राहील. पण आधी शिक." मग खार चार दुपारी त्याच्याजवळ बसली. पाचव्या दुपारी तिची गरज उरली नाही. तिने म्हटले होते तसेच झाले. ते अवघड नव्हतेच.

पुढच्या चैत्रात धरणातून तीनदा पाणी सोडले गेले. तिन्ही वेळा संदेश उघडले, भोंगा वाजला, वानरे द्रोण घेऊन धावली. कासवांची अंडी, सशांची पिल्ले, सगळे वेळेवर माळावर पोहोचले. सगळ्यांनी धनेशाचे कौतुक केले. तो वाळूच्या टोकाकडे बघत राहिला. टिटवी त्या वर्षी तिथे आली नव्हती. कुणी म्हणाले, तिने पलीकडच्या तलावाकाठी घर केले आहे. धनेशाने रोज सकाळी वाळूच्या त्या टोकापर्यंत एक फेरी मारून पाहिले. वाळू मोकळीच होती.

तात्पर्य : हाती आलेले साधन नवे असून भागत नाही, ते चालवायची रीतही नवी शिकावी लागते, आणि शिकलो नसू, तर आपल्यावर विसंबलेल्याला तसे वेळेवर सांगावे.