पाय ओढणारा मासा

एका मोठ्या धरणाच्या काठी एक आई राहायची, आणि तिला झोप लागायची नाही. नवरा पहाटे होडी घेऊन जाळी उचलायला गेला, आपण चुलीपाशी गुंतलो, आणि तेवढ्यात मैना पाण्याकडे गेली तर? मैना म्हणजे तिची सहा वर्षांची लेक. हा एवढा एकच प्रश्न ती कूस बदलत उगाळत राहायची.

ही आई माळावरच्या कोरड्या गावातली, मास्तरांची मुलगी. शिकलेली होती, पण माहेरी तिने पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे रांजणातलं. लग्न होऊन आली आणि दारासमोर, नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी.

काठावरच्या भोई लोकांची एक रीत होती. ऋतू पालटला की म्हातारा सखाबा वस्तीतली सगळी पोरं गोळा करायचा, हातात वेळूची काठी घ्यायचा आणि काठाने चालायला लागायचा. याला म्हणायचे काठफेरी. पावसाळ्यात तो म्हणायचा, "आता मासा अंड्यावर आहे, जाळी खुंटीला. आणि तिकडं धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याला ओढ येते, तेव्हा आपण टेकाडावर." थंडीत म्हणायचा, "मासा खोल जाऊन सुस्त पडलाय. धुकं उठेपर्यंत आपणही सुस्त राहायचं, होडीला हात लावायचा नाही." आणि उन्हाळ्यात पाणी बसलं, मासा जुन्या नदीच्या खोल पात्रात गोळा झाला, की होड्याही लांब जायच्या. मग उघड्या पडलेल्या तळातून होड्यांपर्यंत जायची वाट भोई रोज काठीने चाचपून पुढे नेत, दोन्ही बाजूंना निरगुडीच्या फांद्या रोवत. सखाबा पोरांना ती वाट दाखवायचा.

"सूनबाई, पोरीला धाड की," तो दर खेपेला दारात येऊन म्हणायचा.

"नको हो सखाबा, सर्दी झालीय तिला."

वैशाखातही तिने हेच उत्तर दिलं.

"धरण आटलं," सखाबा हसला, "पण हिची सर्दी काय आटंना!"

आई ओशाळली, पण मैनाला पाठवलं नाहीच. पाण्याची ओळख झाली की पोर पाण्याकडे ओढली जाणार, असं तिचं गणित. त्यापेक्षा तिने एक सोपा उपाय आधीच करून ठेवला होता.

"मैना, त्या पाण्यात एक मोठा मासा आहे. काठाला आलेल्या पोरांचे पाय धरतो आणि आत ओढतो."

"त्याला हात आहेत?"

"आहेत."

"किती?"

"दोन. म्हणजे... चार."

मुलांना भीती घालू नये, असं तिने पुस्तकात वाचलं होतं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या दारात धरण नसावं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. उपाय लागूही पडला. मैना पाण्याच्या जवळपास फिरकेना. उन्हाळ्यात तर पाणी इतकं लांब गेलं की आईला शांत झोप लागू लागली.

आणि त्याच वैशाखात, एका सकाळी, भाकरी तव्यावर असताना हाका ऐकू आल्या.

"काकू! मैना रुतली!"

झालं होतं असं. पाणी हटलेल्या तळात एका डबक्यात चार मासे अडकून चमकत होते. मैनाने विचार केला, पाणी तर पार तिकडे आहे, म्हणजे तो मासाही तिकडेच. ती बिनधास्त निघाली. वरून जमीन वाळलेली, भेगाळलेली, अगदी अंगणासारखी. खाली मात्र वर्षानुवर्षांचा गाळ. निम्म्या वाटेत पापुद्रा फुटला आणि पोर मांड्यांपर्यंत आत गेली.

आई चपला न घालता धावली. निरगुडीच्या फांद्या ओलांडून ती सरळ मैनाच्या दिशेने निघाली, तोच सखाबाने मागून तिचा दंड धरला.

"थांब! तूही रुतशील. मग कुणाकुणाला काढू?" त्याने दोन माणसांना थर्माकोलचा तराफा आणायला पिटाळलं आणि तोंडाशी हात नेऊन ओरडला, "पोरी, हलू नको! पाठीवर आडवी हो! आडवी झालीस की गाळ धरत नाही!"

पण मैना ऐकेना. ती पाय झाडत होती, किंचाळत होती, आणि प्रत्येक झटक्याला आणखी आत जात होती.

"आई, त्याने धरलंय! चारही हातांनी धरलंय!"

सखाबाला काही कळेना. "कुणी धरलंय?"

आईला मात्र कळलं. काठावर सगळी वस्ती जमली होती. मास्तरांच्या शिकलेल्या मुलीकडे सगळे बघत होते. आजवर कुणाच्या पोराला कुणी असलं काही सांगितलं नव्हतं. मैना कमरेपर्यंत गेली होती.

"मैना!" ती जीव तोडून ओरडली. "तो मासा नाहीच आहे! मी खोटं सांगितलं होतं! पाण्यातही नाही, गाळातही नाही, कुठेच नाही!"

मैनाचे हात थबकले. "खरं?"

"अगदी खरं. मला भीती वाटायची, म्हणून मी तो बनवला. ऐक, सखाबा सांगतो तसं कर. पाठीवर निज. घरी निजतेस तशी."

मैना रडत रडत मागे कलली. गाळाने तिला जिथल्या तिथे तोलून धरलं. तराफा आला. सखाबा त्यावर पोटावर झोपून हाताने वल्हवत, सरपटत तिच्यापर्यंत पोचला आणि तिच्या काखेत हात घालून त्याने तिला हळूहळू, मुळा उपटावा तशी, वर काढली.

आईने तिला पदरात घेतलं. दोघी गाळाने माखल्या. कुणी हसलं नाही. सखाबा फक्त एवढंच म्हणाला, "सूनबाई, धरण काय एका जागी बसत नाही. आज पाणी इथं, उद्या तिथं. तुझा मासा मात्र पाण्यातच बसून राहिला."

तात्पर्य काढायचंच तर असं: भीती घातली की मूल एका जागेपासून लांब राहतं, कारण सांगितलं की ते सगळीकडे जपून पाऊल टाकतं.

आईने त्या सकाळी हे तात्पर्य मैनाला समजावून सांगितलं. चांगलं लांबलचक, कान धरून माफी मागत. मैनाने सगळं ऐकून घेतलं. मग नाकावरचा गाळ पुसत तिने विचारलं,

"आई, तू पण वाट सोडून पळत होतीस. तुला कुणी घाबरवलं होतं?"