सावत्र आईची शुश्रूषा

पूर्वी वेत्रवती नगरीत शूरदत्त राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने तेथील एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव भद्रिल. त्याची आई लवकर वारली. वडिलांनी पुन्हा लग्न केले, आणि नव्या आईला, मंदाकीला, सवतीचे पोर डोळ्यांसमोर नकोसे झाले. एकदा औषधांच्या कोठीला आग लागली. ती भद्रिलनेच लावली असे मंदाकीने नवऱ्याला पटवले. मुलाला घराबाहेर काढण्यात आले.

भद्रिल अरण्यात एका तापसाच्या आश्रमात वाढला. तेथे तो झाडपाल्याची औषधे शिकला. डोळे मिटून, पाखरांपासून श्वापदांपर्यंत साऱ्यांचे भले चिंतीत बसायलाही शिकला.

बऱ्याच वर्षांनी त्याला कळले की वडील गेले आणि मंदाकीला पक्षाघात झाला. तिला स्वतःचे मूल नव्हते. कोकिळा नावाची शेजारीण येता-जाता पाणी देई, तेवढेच. गुरूंचा निरोप घेऊन भद्रिल घरी आला.

मंदाकीने त्याला दारातच ओळखले. तिचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. ती म्हणाली, "सूड घ्यायला आलास?"

"नाही, आई. तुझं करायला आलोय."

"माझं? तू?"

भद्रिल आत गेला आणि तिचे अंथरूण बदलू लागला.

त्या दिवसापासून तिची नजर त्याच्यावरून हलेना. तो औषध कुटू लागला की ती विचारी, "काय कुटतोस?"

"एरंडाचं मूळ."

"दाखव."

तो दाखवी. तरी ती औषध गालात धरून ठेवी आणि त्याची पाठ वळताच उशीवर थुंकून टाकी. कोकिळा आली की तिला वाटी हुंगायला लावी. कोकिळाही गल्लीत सांगत फिरे, "अरण्यातून आलाय तो. कोणत्या मुळानं काय होतं, त्याला पक्कं ठाऊक. लहानपणी हाकलून दिलेला मुलगा उगाच कशाला सेवा करील?" लोकांना ते पटे. भद्रिल ओढ्याकाठी वनस्पती खुडायला गेला, तर कुणीतरी मागून पाहत राही.

आपले मन निर्मळ आहे अशी भद्रिलची समजूत होती. पण एके सकाळी मंदाकीने नुकत्याच धुतलेल्या पासोडीवर औषध थुंकले आणि ती म्हणाली, "तुझ्या हातचं विष मी गिळणार नाही." पासोडी काढण्यासाठी त्याने तिला कुशीवर वळवले, ते हिसक्याने. तिचा खांदा पिरगळला. ती कळवळली. आणि त्याच क्षणी त्याच्या मनात येऊन गेले, ही एकदाची सुटेल तर बरे.

तो विचार पाहून भद्रिल घाबरला. तिचा खांदा शेकून तो परसात शेवग्याखाली जाऊन बसला. अरण्यातल्या वाघाचे भले चिंतणे सोपे होते, कारण वाघाने त्याच्यावर कधी थुंकले नव्हते. त्याने आधी स्वतःचा थकवा पाहिला, खाली दडलेला लहानपणचा राग पाहिला, आणि आजारी माणसाजवळ बसावे तसा त्या रागाजवळ बसला. मग तो मनाने मंदाकीच्या खाटेवर जाऊन पडला. अर्धे अंग दगडासारखे. माशी तोंडावर बसली तर हाकलता येत नाही. पाणी पाजणारा, कूस बदलणारा एकच माणूस, आणि त्याच माणसाचे आपण बालपण उद्ध्वस्त केलेले. अशा वेळी कुणाला झोप लागेल? तिचा संशय म्हणजे तिची भीती होती. आणि आज ती भीती अगदी खोटीही ठरली नव्हती.

तो रोज असे बसू लागला. राग एकदम गेला नाही. पण तिला हात लावण्याआधी तो एक श्वास थांबू लागला आणि काय करणार ते सांगू लागला. "आई, आता डाव्या कुशीवर वळवतो." "पाणी कोमट आहे, आधी तू बोट बुडवून बघ." मंदाकी बोट बुडवून बघे.

पुढे एका दुपारी कोकिळेचे मांजर मंदाकीच्या पेजेला तोंड लावून बाहेर गेले आणि अंगणातल्या लाकडांच्या ढिगाशी मरून पडले. कोकिळेने हंबरडा फोडला. शिपाई आले, पेजेचे भांडे जप्त झाले. त्या राज्यात विषप्रयोगाला सुळाची शिक्षा होती. अमात्य श्रुतवर्मा स्वतः चौकशीला आला. मंदाकीची खाट अंगणात आणली गेली.

अमात्याने विचारले, "पेजेत काय घातलं होतंस?"

"तांदूळ, मीठ, थोडी सुंठ."

"ही मरावी, असं तुझ्या मनात कधी आलं होतं?"

'नाही' म्हटले असते तर ते कुणाला खोटे ठरवता आले नसते. भद्रिल म्हणाला, "आलं होतं. हिचा खांदा माझ्या हातून दुखावला, त्या सकाळी. क्षणभरच, पण आलं होतं."

"ऐका! स्वतःच्या तोंडानं कबूल झाला!" कोकिळा ओरडली. शिपाई पुढे सरसावले.

"थांबा," मंदाकी म्हणाली. तिचे बोलणे जड होते, म्हणून सारे कान देऊन ऐकू लागले. "त्या सकाळी याच्या हातात राग होता, ते मला कळलं होतं. मला वाटलं, हा नाकबूल करील. मीही तेच केलं होतं. कोठीची आग माझ्याच दिव्यानं लागली होती. मी याचं नाव घेतलं." ती दमली. मग म्हणाली, "ती पेज आणा."

अमात्य म्हणाला, "बाई, त्यात विष असेल."

"जो गळ्याशी सूळ आला तरी खोटं बोलत नाही, तो चोरून विष देईल? भद्रिल, भरव मला."

"आई, गार झाली आहे."

"असू दे."

त्याने भरवले. तिने थेंबही न सांडता सारी पेज गिळली. लोक संध्याकाळपर्यंत ताटकळत बसले. मंदाकी शांत झोपली होती. मग मांजर दुसऱ्याच कशाने मेले असणार म्हणून शिपायांनी लाकडे उपसली, तेव्हा ढिगाखालून नाग निघाला. कोकिळा मान खाली घालून घरी गेली.

मंदाकी पुढे काही वर्षे जगली. तिचा स्वभाव पुरता पालटला नाही. एखाद्या सकाळी ती पुन्हा चिडून अंग चोरी. भद्रिल तेव्हा तिच्या उशाशी थांबे, आणि ती हो म्हणेपर्यंत हात लावत नसे. शेवटी तिने त्याच्याच मांडीवर डोळे मिटले.

विहारातील आजारी, संशयी वृद्ध भिक्षू वप्पिल यांच्या सेवेला विटलेल्या उपसम भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "तेव्हाची मंदाकी म्हणजे आजचे वप्पिल. अमात्य होता आपल्या संघाचे नियम सांभाळणारा विनयधर भिक्षू. भद्रिल मीच होतो."

उपसमाने विचारले, "आणि ती शेजारीण, भगवन्?"

"ती तू होतास, उपसम. तेव्हा तू दुरून संशय घेत होतास. या जन्मी तुला जवळ जाता आले आहे. आपल्यावर विश्वास न ठेवणाऱ्याचेही भले चिंतावे आणि त्याचे अंग हळुवार पुसावे, ही मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

उपसम उठला आणि वप्पिलांच्या कुटीकडे गेला.